जिंकल्यानंतरचे सहा महिने

बॉक्सिंगच्या हेवीवेट गटात वजनकाटा ठेवतात तो नियमापेक्षा बातमीसाठी. खालच्या प्रत्येक गटात वजनाला वरची मर्यादा असते. जगज्जेत्याने ती ओलांडली तर किताब रिंगमध्ये उतरण्याआधी काट्यावरच जातो. हेवीवेटमध्ये २०० पौंडांच्या वर कितीही चालतं. लढतीच्या आदल्या दिवशी दोघे काट्यावर उभे राहतात, आकडा मोठ्याने वाचला जातो, छायाचित्रं निघतात आणि मंडळी जेवायला जातात. आकडा पाहून कुणाचं काही बिघडत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये सौदी अरेबियात मात्र हा आकडा ऐकून पत्रकार एकमेकांकडे पाहू लागले. हेवीवेट जगज्जेता अँडी रुईझ ज्युनिअर २८३ पौंडांच्या वर भरला होता, म्हणजे जवळजवळ १२९ किलो. सहाच महिन्यांपूर्वी किताब जिंकला तेव्हा तो २६८ पौंडांचा होता. त्याने तेव्हा ज्याला हरवलं होतं, तो अँथनी जोशुआ मधल्या काळात दहा पौंड उतरवून आला होता. दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, रियाधजवळच्या दिरियामध्ये बारा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही परीक्षकांनी जोशुआला विजयी ठरवलं. जग एका वाक्यात मोकळं झालं: जाडा झाला आणि हरला.

हे उत्तर अर्धंच खरं आहे, कारण जिंकला तेव्हाही तो जाडाच होता.

म्हणून आधी त्या जिंकण्याकडे नीट पाहायला हवं. १ जून २०१९ ची न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली लढत मुळात रुईझची नव्हतीच. जोशुआसमोर जॅरेल मिलर उभा राहणार होता. उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत मिलर अडकला आणि जेमतेम दीड महिना उरला असताना आयोजकांची धावपळ सुरू झाली. रुईझने आयोजक एडी हर्न यांना इन्स्टाग्रामवर निरोप धाडला, मला संधी द्या म्हणून. जोशुआ २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकचा सुवर्णपदकविजेता, सहा फूट सहा इंच उंच, २२ पैकी २२ लढती जिंकलेला आणि त्यातल्या २१ प्रतिस्पर्ध्याला पूर्ण अंतर टिकू न देता. रुईझ त्याच्यापेक्षा चार इंचांनी बुटका आणि हातांचा पल्ला तब्बल आठ इंचांनी कमी. सुटलेल्या पोटाचा हा माणूस अमेरिकेत पहिल्यांदाच लढणाऱ्या जोशुआसाठी तोंडी लावायला आणला आहे, असाच सर्वांचा समज होता.

त्या पोटाखाली काय होतं हे बॉक्सिंगमधल्या जाणकारांना ठाऊक होतं. कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल गावी मेक्सिकन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या रुईझच्या मागे हौशी बॉक्सिंगची लांबलचक कारकीर्द होती. हात विलक्षण चपळ, एका दमात चार-पाच ठोसे लावायची सवय. व्यावसायिक लढतींत तो एकदाच हरला होता, २०१६ मध्ये ऑकलंडला जोसेफ पार्करविरुद्ध, आणि तेही गुणांवर, थोडक्यात. आणखी एक गोष्ट होती आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. २० एप्रिल २०१९ ला, म्हणजे जोशुआशी भिडण्याआधी सहाच आठवडे, त्याने एक लढत खेळून जिंकली होती. ऐन वेळी बोलावलेला बदली बॉक्सर बहुधा घरी आराम करत असतो. रुईझ मात्र आधीच्या लढतीच्या सरावातून बाहेर पडलाच नव्हता. वजन काहीही असो, श्वास आणि डोळा दोन्ही तयार होते.

तिसऱ्या फेरीत जोशुआच्या डाव्या हुकने रुईझ खाली गेला. इथे जोशुआने घाई केली. खाली पडून उठलेल्याला संपवायला तो थेट जवळ गेला, आणि जवळचं अंतर हे रुईझचं घर. तिथे लांब हात अडचणीचे होतात, आखूड आणि चपळ हात कामाला येतात. दोघांनी एकाच वेळी ठोसे सोडले; रुईझचा आधी पोहोचला, कानशिलाच्या वर. त्याच फेरीत जोशुआ दोनदा पडला, सातव्या फेरीत आणखी दोनदा. तोंडातलं दातरक्षक बाहेर, नजर हरवलेली, पाठ कोपऱ्याला टेकलेली. रेफ्रीने लढत थांबवली. मेक्सिकन वंशाचा पहिला हेवीवेट जगज्जेता जन्माला आला होता.

करारात फेरलढतीचं कलम होतं. मोठ्या किताबधारकाचे करार असेच असतात: तो हरला तर जिंकणाऱ्याला पुन्हा त्याच्याशीच लढावं लागतं. रुईझला सौदीला जायची फारशी इच्छा नव्हती, तसं तो बोललाही. पण सही झालेली होती. म्हणजे जून संपायच्या आत दोघांनाही पुढचा प्रतिस्पर्धी कोण हे माहीत होतं. वेळ सारखाच, माहिती सारखीच, चित्रफीतही एकच. तरी ती पाहताना दोघांसमोरचे प्रश्न वेगळे होते.

हरलेल्याला ती चित्रफीत छळते. मी जवळ का गेलो, डावा हात खाली का राहिला, पडल्यावर श्वास का परतला नाही, असे नेमके प्रश्न ती विचारते आणि प्रत्येक प्रश्नासोबत सरावातलं एक काम येतं. जोशुआने ती कामं केली. प्रशिक्षक रॉब मॅक्रॅकन यांना त्याने सोडलं नाही, पण सोबतीला नवी माणसं घेतली. पिळदार दंडांचं वजन उतरवलं, कारण रुईझला दूर ठेवायचं तर बारा फेऱ्या पाय हलते राहायला हवेत आणि जाड स्नायू फार प्राणवायू खातात. जिंकलेल्याला तीच चित्रफीत काहीच विचारत नाही. ती फक्त सांगते की तू केलंस ते बरोबर होतं. विजयात नशिबाचा वाटा किती, समोरच्याच्या चुकीचा किती, आपल्या कौशल्याचा किती, हे वेगळं काढून पाहण्याची गरज जेत्याला वाटत नाही. रुईझच्या विजयात जोशुआच्या त्या घाईचा मोठा वाटा होता. दुसऱ्यांदा तो तशी घाई करणार नाही, हे एखाद्या हौशी प्रेक्षकानेही सांगितलं असतं.

मधल्या महिन्यांत रुईझच्या आयुष्यात काय काय घडत होतं ते पाहिलं तर त्याच्यावर चिडणं अवघड जातं. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्रादोर यांनी त्याला भेटीला बोलावलं. गावात मिरवणूक निघाली. दूरचित्रवाणीवरच्या मुलाखती, जाहिराती, नवं घर, रोल्स रॉइस. सप्टेंबरात तिसावा वाढदिवस आला. लहानपणापासून ज्याला सगळे पोटावरून चिडवत आले, त्याच्या त्याच पोटाचं आता कौतुक होऊ लागलं. सामान्य माणसाचा जगज्जेता म्हणून तो लोकांना आवडला होता. इथे एक चमत्कारिक अडचण तयार होते. जे अंग सुधारायला हवं तेच ओळख बनलं, तर ते सुधारायचं कशाला? मी असाच आहे आणि असाच जिंकलो, हे म्हणायला त्याला पुरावाही होता. लढत संपल्यावर त्याने स्वतःच कबूल केलं की तीन महिने मौजमजेत गेले, वजन नको तितकं वाढलं आणि सराव करायला हवा तसा केला नाही. वडिलांची आणि प्रशिक्षकाची त्याने जाहीर माफी मागितली.

सहा महिन्यांतले तीन गेले तरी तीन उरतात, मग अडलं कुठे, असं कुणाला वाटेल. मोठ्या लढतीची सरावछावणी साधारण आठ ते दहा आठवड्यांची असते, तेव्हा दिवस पुरेसे होते. पण छावणी शरीर कमवायला नसते. ती कमावलेल्या शरीराला एका विशिष्ट माणसाविरुद्ध तयार करायला असते. पहिले काही आठवडे पहाटेची धाव आणि दमसासाचं काम, मग प्रतिस्पर्ध्याच्या उंचीच्या आणि शैलीच्या भागीदारांसोबत स्पारिंग, फेऱ्यांची संख्या हळूहळू वाढवत नेणं, आणि शेवटच्या आठवडा-दहा दिवसांत सगळं कमी करून शरीराला ताजं होऊ देणं. जो पंधरा-वीस पौंड जास्तीचे घेऊन छावणीत येतो त्याचे पहिले आठवडे मेद उतरवण्यात जातात. दमलेल्या शरीराने स्पारिंग केलं की माणूस नवं काही शिकत नाही. जुन्या सवयीच वापरून वेळ मारून नेतो. रुईझला शिकायला हवी होती ती गोष्ट नेमकी नवी होती: मागे सरकणाऱ्या उंच माणसाची वाट अडवणं. त्याला बॉक्सिंगच्या भाषेत रिंग कापणं म्हणतात. पाठलाग करायचा नाही, तो जिकडे निघाला आहे तिकडे आधी तिरकं पाऊल टाकायचं. हे काम हातांचं नाही, पायांचं आहे. आणि वाढलेलं वजन सगळ्यात आधी पायांनाच जाणवतं.

दिरियाच्या रिंगमध्ये दिसलं ते हेच. जोशुआने पहिल्याच फेरीत रुईझच्या डोळ्याजवळ जखम केली आणि मग बारा फेऱ्या एकच साधा कार्यक्रम चालवला: जॅब, उजवा हात, बाजूला सरक, जवळ आलाच तर मिठी मार. देखणी लढत नव्हती. पहिल्या लढतीतला थरार शोधणाऱ्यांना कंटाळा आला आणि काहींनी तसं लिहिलंही. मला मात्र ती जोशुआच्या सगळ्यात शहाण्या लढतींपैकी एक वाटते, कारण समोरचा बेसावध दिसत असतानाही त्याने मोह आवरला. रुईझ त्याच्या मागे मागे चालत राहिला. सरळ रेषेत, एक पाऊल उशिरा. त्याचे हात तेवढेच चपळ होते, फक्त ते पोहोचत नव्हते. दोन परीक्षकांनी ११८-११० आणि तिसऱ्याने ११९-१०९ असे गुण दिले.

वजनाचा दोष तेव्हा कुठे आणि कितपत? २५५ पौंडांचा रुईझ आला असता तर तो हमखास जिंकला असता, असं मी म्हणणार नाही. पल्ल्यातला आठ इंचांचा फरक भूक मारून भरून निघत नाही, आणि संयमी जोशुआ गुणांवर तेव्हाही बहुधा पुढे राहिला असता. पण त्याला इतक्या निवांत बारा फेऱ्या मिळाल्या नसत्या. चार-सहा वेळा तरी कोपरा गाठता आला असता, आणि रुईझला चार-सहा वेळाच पुरेशा असतात.

आता प्रश्न उरतो तो भोवतालच्या माणसांचा. मॅनी रोब्लेस हे रुईझचे कसलेले प्रशिक्षक. रुईझचं वजन वाढतंय, सराव होत नाहीये, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. लढतीनंतर महिनाभरात रुईझने त्यांच्यापासून फारकत घेतली आणि मग त्यांनी उघडपणे सांगितलं की पठ्ठ्या हाताबाहेर गेला होता. आपल्याकडच्या तालमीत गदा जिंकून आलेला पैलवानही वस्तादांपुढे मान खाली घालतो. निदान तशी रीत आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये व्यवहार उलटा असतो. प्रशिक्षकाला बॉक्सरच्या मानधनातून साधारण दहा टक्के मिळतात, म्हणजे ज्याला रागवायचं तोच पगार देणारा. आव्हानवीर असताना हा व्यवहार कुणाला फारसा जाणवत नाही, कारण दोघांनाही एकमेकांची सारखीच गरज असते. बॉक्सर जगज्जेता झाला, मानधन कोट्यवधी डॉलरांत गेलं, की ‘उद्या पहाटे पाचला ये’ हे वाक्य हुकूम न राहता विनंती होतं. घरचे, मित्र, व्यवस्थापक, नवे मित्र, सगळे त्या एका माणसाच्या कमाईवर उभे असतात. पराभव येईपर्यंत त्याला नकार ऐकवण्यात कुणाचाच फायदा नसतो.

रुईझच्या चाळीसेक वर्षं आधी लिऑन स्पिंक्सच्या बाबतीत हे याहून उघड्यावर घडलं. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला स्पिंक्स १५ फेब्रुवारी १९७८ ला लास वेगासमध्ये मुहम्मद अलीसमोर उतरला तेव्हा त्याच्या नावावर अवघ्या सात व्यावसायिक लढती होत्या. छत्तीस वर्षांच्या अलीने त्याला गंभीरपणे घेतलं नाही, सराव कामचलाऊ केला, आणि पंधरा फेऱ्यांनंतर किताब गमावला. बेफिकीर जगज्जेता त्या रात्री अली होता, हे विसरायला नको. पण सात महिन्यांत दोघांनी जागा बदलल्या. अली पेनसिल्व्हेनियातल्या डिअर लेकच्या आपल्या छावणीत घाम गाळू लागला. स्पिंक्सच्या बातम्या रात्रीच्या पार्ट्यांच्या, वाहतुकीचे नियम मोडल्याच्या, अमली पदार्थ सापडल्यामुळे झालेल्या अटकेच्या येत होत्या. अलीशीच पुन्हा लढायचं ठरवल्यामुळे एका जागतिक संघटनेने त्याचा किताबही काढून घेतला. १५ सप्टेंबरला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये साठ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर फेरलढत झाली. अलीने काही विशेष केलं नाही: जॅब मारायचा, मानेमागे हात घालून धरायचं, सुटून फिरायचं. स्पिंक्सपाशी त्यावर उत्तर नव्हतं, आणि त्याच्या कोपऱ्यात एकाच वेळी इतके लोक ओरडून सूचना देत होते की जॉर्ज बेंटन हे नाणावलेले प्रशिक्षक लढत चालू असताना वैतागून तिथून निघून गेले. स्पिंक्स पंधरा फेऱ्या टिकला आणि एकमताने हरला. बेंटन यांचं ते निघून जाणं मला वजनाच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

बस्टर डग्लसची लढत फेरलढत नव्हती, तरी नमूद करावीशी आहे. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत माइक टायसनला पाडून जगाला थक्क करणारा डग्लस ऑक्टोबरात इव्हँडर होलीफिल्डसमोर आला तेव्हा त्याचंही वजन जवळजवळ पंधराच पौंडांनी वाढलेलं होतं. तिसऱ्या फेरीत खेळ आटोपला.

मग प्रत्येक नव्या जेत्याचं असंच होतं का? नाही, आणि याचा पुरावा पुन्हा जोशुआच्याच कारकिर्दीत आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम मैदानावर युक्रेनच्या ओलेक्सांदर उसिकने जोशुआचे किताब घेतले. याही वेळी फेरलढतीचं कलम होतं, याही वेळी ती सौदी अरेबियातच ठरली, याही वेळी जोशुआ नवा प्रशिक्षक घेऊन, जुन्या चुका दुरुस्त करून आला. उसिकच्या वाट्याला मधल्या काळात मिरवणूक आली नाही, युद्ध आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केल्यावर तो मायदेशी परतून प्रादेशिक संरक्षण दलात दाखल झाला आणि मार्च अखेरीस परवानगी घेऊन सरावासाठी बाहेर पडला. २० ऑगस्ट २०२२ च्या जेद्दामधल्या लढतीसाठी तो काट्यावर चढला तेव्हा वजन २२१ पौंडांच्या आसपास भरलं. लंडनमध्येही ते तेवढंच होतं.

ही लढत सोपी गेली नाही, आणि म्हणूनच ती रुईझच्या लढतीशेजारी ठेवून पाहावी. जोशुआ खरोखरच सुधारला होता. त्याने पोटावर जोरकस ठोसे दिले, नवव्या फेरीत उसिकला हलवलं. तयारी नसलेला जगज्जेता तिथून पुढे नुसता तग धरून राहिला असता. उसिक दहाव्या फेरीत उलट चालून आला आणि ती फेरी त्या लढतीतली त्याची सगळ्यात चांगली फेरी ठरली. तीनपैकी दोन परीक्षकांनी त्याला कौल दिला. हरलेला सुधारून येणार, हे त्याने गृहीत धरलेलं होतं; आपली पहिली कामगिरी दुसऱ्यांदा पुरणार नाही, हेही.

रुईझला नंतर उपरती झाली नाही असं नाही. त्याने एडी रेनोसो यांच्याकडे सराव सुरू केला आणि १ मे २०२१ ला ख्रिस अरेओलाशी लढताना तो २५६ पौंडांवर आला, दिरियापेक्षा सत्तावीस पौंडांनी कमी. म्हणजे ते जमण्यासारखं होतं. दुसऱ्या फेरीत पडूनही त्याने ती लढत गुणांवर जिंकली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने लुईस ओर्तीझला हरवलं. मग जवळजवळ दोन वर्षं रिकामी गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये लॉस एंजेलिसला तो ज्याच्यासमोर उभा राहिला तो होता जॅरेल मिलर, ज्याच्या चाचणीतल्या अपयशामुळे त्याला पहिली संधी मिळाली होती. ती लढत बरोबरीत सुटली. दिरियानंतर २०२४ संपेपर्यंत अँडी रुईझने एवढ्या तीनच लढती खेळल्या, आणि त्यातली एकही जागतिक किताबासाठी नव्हती.